अस्सी सोडून पुढे

काशीत जन्मलेल्या माणसाला काशीत वाट विचारायची वेळ आली तर त्याने सरळ गंगा जवळ करावी, असं नीळूभाऊ टेंबे नोकरीत असेपर्यंत म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली आणि हे वाक्य म्हणायचं बंद केलं.

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत टेंब्यांचं घर. पूर्वज कधीतरी कोकणातून वेद शिकवायला आले आणि इथलेच झाले. गल्ली अशी की समोरून सांड आला तर जवळचा उंबरा आपला म्हणायचा, आत शिरायचं आणि आत कोण बसलंय ते बघून बोलायला विषय काढायचा. नीळूभाऊंच्या निम्म्या ओळखी अशाच झालेल्या. इंदूवहिनींच्या माहेरची ओळखही त्यातलीच, असं ते सांगत आणि वहिनी नाकारत नसत. बँकेत गेले ते पायी, आले ते पायी. डोळे बांधून त्यांना ब्रह्माघाटावर सोडलं असतं तरी कुठे दूध उकळतंय, कुठे चंदन उगाळतायत, एवढ्यावर ते घरी पोचले असते.

पण हे सगळं गल्लीपुरतं. जिथे सडक सुरू व्हायची तिथे नीळूभाऊंची काशी संपायची. चार चाकांना जी काशी लागते, ती म्हणजे चौक, चौकातला शिपाई, एकेरी रस्ता आणि उड्डाणपूल. ती त्यांनी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिली, तीही काचेतून. गाडी घरापर्यंत येणं शक्यच नव्हतं. ती मैदागिनच्या पुढे एका ओळखीच्या गोदामात उभी असे. "आमची गाडी आहे" असं सांगायचं आणि ती बघायला रिक्षा करून जायचं, यावरून वहिनींनी पहिले दोन महिने त्यांना सुखाने जेवू दिलं नाही.

मुलगा कुणाल कॅनडात. दिवाळीला आला तेव्हा त्याने आपल्या जुन्या गाडीतलं वाट दाखवणारं यंत्र आणलं. तळहाताएवढा पडदा, मागे रबराची वाटी. ती काचेला दाबली की चिकटायची. त्यात त्याने भारताचा नकाशा भरला आणि हिंदी बोलणारी बाई निवडली.

"बाबा, मोबाइलला नेटवर्क लागतं. हिला नाही लागत. ही थेट उपग्रहाशी बोलते."

"म्हणजे हिच्या ओळखी मोठ्या आहेत," नीळूभाऊ म्हणाले.

तेव्हापासून त्यांचं आणि बाईचं जमलं. "दो सौ मीटर बाद दाएँ मुड़ें," असं बाई म्हणाली की नीळूभाऊ "हो" म्हणायचे, मोठ्याने, आणि वळायचे. वळण चुकलं तर बाई रागवायची नाही, नवा रस्ता शोधायची. एवढी सहनशील बाई आपल्याला आयुष्यात भेटली नाही, असं ते वहिनींच्या देखत म्हणायचे.

"माझी सवत काचेला चिकटवून फिरवतायत," वहिनी शेजारणीला सांगत. "आणि मी सांगितलेलं एक वळण कधी ऐकलं नाही या माणसाने."

घरात तिसरं माणूस म्हणजे शरदकाका. नीळूभाऊंचे वडील लवकर गेले. धाकट्या भावाने, म्हणजे काकांनी, नीळूला वाढवलं. स्वतःला मूलबाळ नाही. जन्मभर वेदपाठशाळेत शिकवलं. काकू गेल्या त्या वर्षी काकांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे विश्वनाथासमोर पाणी सोडून शब्द दिला, की आता मरेपर्यंत काशीची वेस ओलांडणार नाही. उत्तरेला वरुणा, दक्षिणेला अस्सी, पूर्वेला गंगेचा काठ. अस्सी ही एके काळी नदी होती, आता तिचा नाला झालाय, पण काकांच्या लेखी ती सीमाच होती. कुणालचं लग्न पुण्याला झालं तेव्हा काकांनी अक्षता पोस्टाने पाठवल्या. डोळ्याच्या ऑपरेशनला लखनौचा डॉक्टर चांगला म्हणाले, तर काका म्हणाले, "मला जे बघायचंय ते इथेच आहे, आणि ते मला पाठ आहे."

त्यांना बाकी काही नको होतं. काशीत मरायचं होतं. त्यासाठीच ते जगत होते असं म्हटलं तरी चालेल. आणि ते दोनदा घोळून सांगायचे, "नीळू, पलीकडच्या तीरावर नाही हो. पलीकडे मेलं तर गाढवाचा जन्म."

"तुम्ही घाटावरून हलत नाही, पलीकडे जाणार कसे?" नीळूभाऊ हसायचे.

प्रयागला कुंभ होता त्या माघात काशीला पाय ठेवायला जागा नव्हती. तिकडे स्नान करून जो तो इकडे दर्शनाला येत होता. गल्ल्यांत माणसं उभी होती तशीच सरकत होती. अशाच एका सकाळी काका पूजेला बसले आणि बसल्या जागी कलंडले. मोहल्ल्यातल्या पोरांनी उचलून सडकेपर्यंत नेलं. तिथून कुणाच्या तरी गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. तो दवाखाना लंका नावाच्या भागात, म्हणजे अस्सीच्या पलीकडे. काका शुद्धीत नव्हते म्हणून नेता आलं.

दोन दिवसांनी ते शुद्धीवर आले. छताकडे बघत राहिले. मग विचारलं, "हे कुठे आहे?"

नीळूभाऊंनी नाव सांगितलं. काकांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले तेव्हा त्यांत जे होतं ते नीळूभाऊंनी आधी कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाने त्यांना पंक्तीत पळी धरायला शिकवलं, तो माणूस लहान मुलासारखा भेदरला होता.

"मला आत ने," काका म्हणाले. "अस्सीच्या आत. आत्ता."

डॉक्टर तरुण होता. त्याने नीळूभाऊंना बाजूला घेतलं. "घर ले जाइए," एवढंच म्हणाला. "जो कहें, खिला दीजिए." किती वेळ आहे असं नीळूभाऊंनी विचारलं, तर त्याने घड्याळाकडे पाहिलं. कॅलेंडरकडे पाहिलं नाही.

अँब्युलन्स संध्याकाळपर्यंत मिळणार नव्हती. रस्ते भरले होते. तेव्हा नीळूभाऊंना आठवलं की आपण गाडी बाळगून आहोत. दवाखान्याच्या खेपा कराव्या लागणार म्हणून आदल्या दिवशी भल्या पहाटे, बंदोबस्त लागायच्या आत, त्यांनी ती दवाखान्यापाशी आणून उभी केली होती. सबंध आयुष्यात त्यांनी ही एक गोष्ट वेळेवर केली होती आणि त्याचा त्यांना त्या क्षणी अभिमान वाटला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तो टिकला नाही.

काकांना मागच्या सीटवर निजवलं. डोकं इंदूवहिनींच्या मांडीवर, पाय दुमडलेले. वहिनींच्या हातात गंगेचं पाणी भरलेली लहानशी गडवी. नीळूभाऊंनी पडद्यावर 'घर' हा शब्द दाबला. घर म्हणजे बाईच्या हिशेबाने मैदागिन. पुढचं तिला माहीत नव्हतं आणि नीळूभाऊंना होतं, म्हणून त्या दोघांचं जमायचं.

अस्सी तिथून जवळ. सरळ उत्तरेला गेलं की झालं. पण चौकात लोखंडी कठडे लावलेले आणि दहा शिपाई.

"अंदर कोई गाड़ी नहीं जाएगी."

"मरीज हैं, भैया. पीछे देखिए. बस अस्सी तक जाने दीजिए."

शिपायाने मागे पाहिलं. त्यालाही घरी कोणी म्हातारं असावं. तो थोडा हलला. पण कठड्यामागे माणसांचा लोंढा होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. हात वर करून त्याने तो दाखवला. "कहाँ से निकालें, चाचा? पैर रखने की जगह नहीं है. इधर से घूम जाइए." मागून हॉर्न वाजायला लागले.

तेवढ्यात बाई बोलली. मार्ग पुन्हा शोधते आहे, म्हणाली. मग म्हणाली, "दाहिने मुड़ें."

नीळूभाऊ "हो" म्हणाले आणि वळले.

आता तुम्ही म्हणाल, काशीत जन्मलेल्या माणसाला कळू नये? पण त्या क्षणी नीळूभाऊंच्या डोळ्यांसमोर फक्त पडद्यावरची एक जांभळी रेघ होती आणि तिच्यावरचा बाण. गर्दीत नवशिक्या हाताने गाडी हाकायची, मागे काकांचा श्वास ऐकायचा, घरघर वाढली की कमी झाली ते ठरवायचं, आणि डोळे रेघेवर. ही रेघ कुठे जाते हे त्यांनी पाहिलं नाही. ती घरी जाते यावर त्यांचा विश्वास होता. रामनगरला ते लहानपणी रामलीला बघायला गेले होते, होडीने. तिकडे नवा पूल झालाय हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. पेपरातला पूल आणि चाकाखालचा पूल एकच असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रस्ता चढायला लागला. पुढे ट्रक, मागे बस. मग दोन्ही बाजूंची घरं एकदम संपली आणि हवा मोकळी झाली.

"अहो," वहिनी म्हणाल्या. "अहो, हे कुठे चाललात?"

खाली गंगा होती. माघातली, निळसर, रुंद. वर पांढरे पक्षी.

"थांबवा! अहो, थांबवा ना!"

थांबवणार कसं? पुलावर वळता येत नाही. मागचा बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. नीळूभाऊंनी गाडीचा वेग कमी केला, तर बस त्यांच्या पाठीला भिडायला आली. बाई अगदी शांतपणे म्हणाली, "सीधे चलते रहें."

काकांनी डोळे उघडले. पडल्या जागेवरून त्यांना फक्त आभाळ आणि पुलाचे कठडे दिसत असणार. पण गंगेचा वारा ओळखायला त्यांना कोणाची मदत नको होती.

"नीळू," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "पलीकडे नेतोयस?"

"नाही काका. नाही. लगेच वळतो. पलीकडे पोचलो की वळतो."

"नको रे," काका म्हणाले. "नको रे नीळू."

बाई रामनगरवरून पडाव नावाच्या गावाला नेणार होती आणि तिथून राजघाटचा पूल ओलांडून पुन्हा काशीत आणणार होती. तिच्या हिशेबाने ते बरोबर होतं. वाट चुकली नव्हतीच. रस्ते मोकळे असते तर अर्ध्या तासात त्यांनी मैदागिन गाठलं असतं. पण पलीकडे उतरल्यावर गाडी रामनगरच्या चौकात जी थांबली ती थांबलीच. बिहारकडून येणारी सगळी दुनिया तिथे अडकली होती. वळायलाही जागा नाही. परतीच्या बाजूला तर गाड्या पार पुलावर उभ्या होत्या.

नीळूभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आयुष्यात काकांनी त्यांना एकच गोष्ट करू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि नेमकी तीच त्यांनी केली होती. काका पलीकडच्या तीरावर होते.

"रडू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र फाटला होता. "रडायचं नंतर. आधी यांना इथून काढा. होडी बघा. रामनगरच्या किल्ल्याखाली होड्या असतात."

ही इंदूवहिनींनी सांगितलेली पहिली वाट, जी नीळूभाऊंनी ऐकली.

ते गाडीतून उतरले आणि ओरडत सुटले. चहाच्या टपरीवाल्याने आपली बाकाशेजारची खाट दिली. चार अनोळखी माणसं पुढे झाली. काकांना खाटेवर निजवलं, वर वहिनींची शाल घातली. निघताना नीळूभाऊंनी सवयीने काचेवरचं यंत्र उपटून खिशात टाकलं. गाडी उघडीच राहिली. गाडीची किल्लीही गाडीतच राहिली. बाई मात्र चोरीला जाऊ नये, एवढं त्यांना सुचलं.

खाट गर्दीतून निघाली. चार खांद्यांवर खाट, वर शालीखाली म्हातारा माणूस, पुढे रडवेला मुलगा. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? कोणीतरी हात जोडले. कोणीतरी बाजूला होत म्हणालं, "राम नाम सत्य है." आणि खांदा दिलेल्या चौघांतल्या एकाने, इतक्या वर्षांच्या सवयीने, पुढचं सूर लावून म्हटलं.

"जिंदा हैं!" वहिनी किंचाळल्या. "अरे, जिंदा हैं अभी! चुप रहो!"

तो माणूस शरमला. "माफ करना, अम्मा. मुँह से निकल गया."

शालीखालून काका म्हणाले, "इंदू, म्हणू दे. चांगलंच आहे." मग थांबून, "पण इथे नको."

किल्ल्याखाली लालजी निषाद नावाच्या नावाड्याची मोटरबोट होती. पैशाचं तो बोललाच नाही. काकांना बघितलं आणि इंजिनाची दोरी ओढली. बोटीच्या तळाशी गोधडी घालून काकांना ठेवलं. डोकं वहिनींच्या मांडीवर. मनगट नीळूभाऊंच्या हातात. नाडी होती. पातळ होती, मध्येच गुंडाळल्यासारखी व्हायची, पण होती.

खिशात बाई बोलायला लागली. नीळूभाऊंनी यंत्र बाहेर काढलं. पडद्यावर निळाच निळा रंग आणि त्याच्या मधोमध त्यांची गाडी, म्हणजे बाण. बाण पाण्यावरून चालला होता. बाई रस्ता शोधत होती, सापडत नव्हता, पुन्हा शोधत होती.

"बंद करा तिला," वहिनी म्हणाल्या.

नीळूभाऊंनी आवाज बंद केला. पडदा मात्र चालू ठेवला. काठ किती लांब आहे ते त्यात दिसत होतं, आणि काठ जवळ येतोय हे दिसणं एवढंच त्यांच्याकडे होतं.

बोट वरून खाली, धारेबरोबर निघाली. काठावरची नगव्याची वस्ती गेली. डाव्या हाताला अस्सी घाट दिसायला लागला. घाटाच्या पायऱ्या माणसांनी झाकल्या होत्या. होड्या तीन-तीन रांगांत बांधलेल्या. पण जागा काढता आली असती. लालजीने इंजिन हळू केलं.

"बाबूजी, अस्सी है. यहीं लगा दें? काशी तो यहीं से शुरू है."

"लावू दे त्याला," वहिनी लगेच म्हणाल्या. "अहो, इथेच उतरवू या. आत आलो म्हणजे झालं."

नीळूभाऊंनी घाटाकडे पाहिलं. तिथे आकाशपाळणे नव्हते एवढंच. पिझ्झाची पाटी, गिटार घेतलेली परदेशी मुलं, भोंग्यावर योगासनांची सूचना, आणि त्या सगळ्यावर कुंभाची गर्दी. मंगला गौरीच्या माणसांना अस्सी कधी आपलं वाटलं नाही. "तिकडचे लोक" म्हणायचे तिथल्यांना, जणू ते दुसऱ्या जिल्ह्यात राहतात. घराखालचा पंचगंगा घाट म्हणजे काशी, बालाजी घाट म्हणजे काशी, फार तर मणिकर्णिकेपर्यंत काशी. अस्सी शास्त्राप्रमाणे काशी, पण त्या पायऱ्यांवर परक्या पायांच्या गर्दीत, चपलांच्या ढिगाशेजारी, काकांना ठेवायचं? जिथे त्यांना ओळखणारं एकही माणूस नाही? पंचगंगेच्या पायऱ्यांवर पोरं धावत येतील, घरून तुळस येईल, काकांचे जुने विद्यार्थी मंत्र म्हणायला उभे राहतील. तासभर आधी हातून झालेल्या पापाची ती भरपाई होती. आणि धार खालच्या दिशेलाच होती.

"नाही," ते म्हणाले. "अस्सीवर आपलं कोण आहे? घरच्या घाटाला नेतो त्यांना. अर्ध्या तासाचं तर काम."

"अहो, अर्धा तास..."

"इंदू, मी नेतो म्हणतोय ना."

लालजीने वहिनींकडे पाहिलं, मग नीळूभाऊंकडे. मग इंजिन वाढवलं.

काकांचे डोळे उघडे होते. त्यांना विचारता आलं असतं. अस्सी आलंय, इथे उतरायचं की पंचगंगेला, एवढंच. नीळूभाऊंना ते सुचलंच नाही.

पहिली काही मिनिटं सगळं बरं चाललं होतं. हरिश्चंद्र घाट गेला, केदार गेला. काठाच्या इतक्या जवळून बोट चालली होती की माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. पण दशाश्वमेधाच्या अलीकडे जलपोलिसांची बोट आडवी आली. "बीच में जाओ, बीच में! किनारे कोई नाव नहीं." लालजीने आर्जव केलं, म्हाताऱ्याकडे हात केला. काठाजवळ न्हाणाऱ्यांची इतकी दाटी होती की पोलिसांनाही इलाज नव्हता. बोट मधल्या धारेत गेली. काठ लांब गेला. पडद्यावरचा बाण निळ्याच्या बरोबर मधे आला.

"आता कुठेही लाव," नीळूभाऊ लालजीला म्हणाले. "जिथे जागा दिसेल तिथे. कुठल्याही घाटाला."

"अब मणिकर्णिका के आगे ही घुसने देंगे, बाबूजी."

मणिकर्णिकेच्या चितांचा धूर पाण्यावर उतरला होता. काकांना तो लागला असावा. ओठ हलले. वहिनींनी कान नेला.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत, आलो का."

"आलो काका," नीळूभाऊ म्हणाले. "हे काय, मणिकर्णिका. पुढे आपलाच घाट."

"पायरी," काका म्हणाले. हे नीळूभाऊंनाही ऐकू आलं. "पायरीला हात लागू दे."

"लागणार, काका. लागतोयच."

लालजी बोट काठाकडे वळवायला लागला. सिंधिया घाटाचं कलतं देऊळ मागे गेलं. भोसले घाट समोर आला. नागपूरकरांनी बांधलेला तो दगडी वाडा पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा. नीळूभाऊंनी त्याच्या कमानी पाहिल्या. लहानपणी काकांनी त्याच घाटावर त्यांना पोहायला शिकवलं होतं, कमरेला लुगड्याचा काठ बांधून. हे त्यांना आठवतच होतं, आणि बोटाखालची नाडी थांबली.

त्यांनी बोटं सरकवली. पुन्हा दाबलं. दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. काठ अजून दूर होता. एक पोहणारा सहज पोचला असता इतकाच दूर, पण दूर.

"आहेत ना?" वहिनींनी विचारलं.

"आहेत," नीळूभाऊ म्हणाले.

मग बोट पंचगंगेला लागली. नीळूभाऊंनी काकांना आपल्या दोन्ही हातांवर उचललं, कोणाला हात लावू दिला नाही. पाण्यात उभं राहून त्यांनी काकांचा तळवा पायरीच्या ओल्या दगडावर ठेवला, दाबून धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "गेले."

लालजीने हात जोडले. "बड़े भाग वाले थे. अपने घाट पर गए."

त्यानंतर जे जे भेटायला आले ते सगळे हेच म्हणाले. यंत्राला मनसोक्त शिव्या घालून झाल्या. साहेबांच्या देशातली बाई, तिला गंगेचा अलीकड-पलीकड काय कळणार! आणि मग प्रत्येकाने नीळूभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. "पण तू धन्य, नीळू. दुसरा कोणी असता तर अस्सीवरच सोडून मोकळा झाला असता. तू घरच्या पायरीवर आणलंस." हे वाक्य तेराव्यापर्यंत त्यांनी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे कोणी "धन्य" म्हणायला तोंड उघडलं की ते उठून पाणी प्यायला जात.

कुणालचा फोन आला. तो रडत होता. "माझी चूक आहे, बाबा. मी सेटिंग नीट करायला पाहिजे होतं. मॅपही जुना होता."

"मॅप बरोबर होता रे," नीळूभाऊ म्हणाले.

"मग?"

"तिने रस्ता बरोबरच दाखवला. तू झोप आता. तिकडे रात्र असेल."

रामनगरच्या पोलिसांकडून सोडवून आणलेली गाडी त्यांनी विकली. यंत्र विकलं नाही, टाकलंही नाही. ते कुठे आहे हे घरात कोणी विचारत नाही.

उन्हाळा लागला. एका दुपारी जेवताना नीळूभाऊंनी घास खाली ठेवला. किती तरी दिवस ते हे बोलायचं ठरवत होते आणि दर वेळी भात मागून घेत होते.

"इंदू. काका पायरीवर नाही गेले. भोसले घाटासमोर गेले. पाण्यात."

वहिनी ताक वाढत होत्या. त्यांनी वाटी पूर्ण भरली.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "माझ्या मांडीवर होते ते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही ‘आहेत’ म्हणालात. मला वाटलं, नाडी यांच्या हातात आहे. हे म्हणतायत तर असतील." त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "निदान तुम्हाला तरी तसं वाटत असेल, असं वाटलं."

नीळूभाऊ वाट बघत होते. आता त्या अस्सीचं बोलतील. मी म्हणत होते, उतरवू या, असं म्हणतील. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यावर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, निदान हो म्हणता आलं असतं.

वहिनी म्हणाल्या, "ताक आंबट झालंय का बघा." आणि त्यांनी मिठाची वाटी पुढे सरकवली.